रकाना

टॉवेल कारखान्याची डायरी, दोन वर्षं शिळी,
दिराने अक्कलकोट रोडवरून आणलेली.
छापलेले वार खोडले, तारखा ठेवल्या,
आणि पहिल्या पानावर लिहिलं : निलव्वा.
कानात पिवळा बिल्ला, बारा आकडे,
त्यातले शेवटचे चार तेवढे माझे पाठ.

मामंजी हसले.
"म्हैस वाचायची असते गं, लिहायची नसते."
इरण्णा गवळी म्हणजे सीनेच्या दोन्ही काठांवर
शिंगाची वळी चाचपून वेत सांगणारा माणूस.
अंधारात कासेला हात लावतील आणि म्हणतील,
उद्या या सडात गाठ धरणार.
धरायची.
मला ते येत नाही.
मला अक्षर येतं.

लिहीत गेले.
पहाटेचं दूध, संध्याकाळचं दूध.
माज कधी, कांडी कुठल्या रेड्याची.
घटसर्पाची लस आखाडाआधी.
लाळ्या-खुरकुताची राहिली, डॉक्टर कस्तुरे मंगळवारी येतो म्हणाले.
वार पडली, साडेचार तासांनी.
पारडू तिसऱ्या दिवशी हगवणीने गेलं.
हे शेवटचं लिहिताना पेन अडलं नाही,
त्याचंच मला रात्री उशिरापर्यंत वाटत राहिलं.

चौथ्या उन्हाळ्यात, दुसरी डायरी निम्मी झाली तेव्हा,
गोठ्याच्या पत्र्यावर ओली पोती टाकून
खाली पानं मागं-पुढं करत बसले होते.
निलव्वा, जिची शिंगं खांद्याच्या पार मागे गेलेली,
जिच्यासाठी बार्शीचा माणूस दोनदा येऊन चहा पिऊन गेला,
तिच्या तीन लेकी :
थोरली दोनदा गाभडली.
मधलीला दर वेताला कासदाह, डावा मागचा सड, आईचाच.
धाकटी चार वेळा उलटली.

आणि बंडी.
एक शिंग मोडकं, दुसरं कुठेही बघणारं,
मोहोळच्या बाजारात पेंडीच्या उधारीपोटी गळ्यात पडलेली.
तिच्या आजाराच्या रकान्यात काहीच नव्हतं.
तीन वेतं, तेरा-चौदा महिन्यांच्या अंतराने,
वेळचं सहा-सात लिटर, कुणी कौतुक न करता.
पान इतकं कोरं
की आधी वाटलं, मीच लिहायला विसरले.

रात्री कडब्याच्या पेंढीवर बसून मोठ्याने वाचलं.
मामंजी ऐकत होते. एके ठिकाणी थांबवलं,
"अमावास्येला नव्हे, आदल्या दिवशी."
मी खोडून दुरुस्त केलं.
मग बराच वेळ नुसती रवंथ ऐकू येत होती.

"निलव्वाच्या आईलाही डावा मागचाच," म्हणाले.
"तिच्या आईला पण.
तेव्हा आम्ही दृष्ट म्हणायचो.
किती मीठ, किती मिरच्या चुलीत गेल्या."
डोळे मिटून ते एकेक आई मागे जात राहिले,
काशी, हौशी, पांढऱ्या कपाळाची,
नाव नसलेली एक, जी पुरात पोहून घरी आली,
आणि मी नवं पान उघडून
त्यांच्याच शब्दांत लिहीत गेले :
दृष्ट. दृष्ट. माहीत नाही. दृष्ट.

पुढची कांडी बंडीला भरली.
निलव्वाला विकली नाही. ते मी मागितलंही नव्हतं.

पौषात बंडी व्याली. रेडी.
थंडी अशी की विरलेली चादर दुहेरी करून पाठीवर टाकली.
टेपचं एक टोक माझ्याकडे, एक मामंजींकडे,
छातीचा घेर बघून मी आकडा बोलले,
ते उगाच पुन्हा म्हणाले, सावकाश, तोच आकडा.
मग त्यांचा अंगठा तिच्या कपाळावर,
जिथे अजून नुसते दोन भोवरे होते केसांचे.
"ही चांगली वळणार बघ. लिही."

शिंगांसाठी माझ्या डायरीत रकाना नव्हता.
पोराची पट्टी घेतली,
कडेला एक उभी रेघ ओढली.